मार्केटिंगला माणूस ठेवायचा म्हणजे नेमकं काय ठेवायचं? (कराडच्या मसालेवाल्या दादांना)

दादांचा प्रश्न लांब होता, नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कराडजवळ मसाले, चटण्या, लोणची बनवायचा कारखाना, नऊ वर्षं झाली, ३८ आयटम, वर्षाची विक्री साडेतीन कोटींच्या आसपास आणि गेली दोन वर्षं गाडी तिथंच अडकलीय. पुण्यातली एक एजन्सी महिना ६० हजार मागतेय. ओळखीच्या कुणीतरी सांगितलं की मोठ्या कंपनीतनं बाहेर पडलेला माणूस पार्टटाइम मार्केटिंग हेड म्हणून घ्या, तो ८० हजार सांगतोय. आणि घरातला भाचा म्हणतोय मामा कशाला पैसे घालवताय, मी रील्स करतो. तर यातलं कोण?

आधी माझं सांगतो म्हणजे कुठनं बोलतोय ते कळेल. मी ११ वर्षं एका एफएमसीजी (साबण, चहा, बिस्किटं असा रोजच्या वापराचा माल) कंपनीत सेल्सला होतो, मोटरसायकलवर दुकानांची लाइन फिरण्यापासून एएसएम म्हणजे एरिया सेल्स मॅनेजरपर्यंत, बहुतेक सगळं सातारा-सांगली-कोल्हापूर आणि मग पुणे. गेली ११-१२ वर्षं छोट्या कंपन्यांना महिन्यातले ठरलेले दिवस देतो, म्हणजे तुम्हाला जो ८० हजारवाला माणूस सुचवलाय ना, त्याच जातीतला मी. त्यामुळे माझ्या बोलण्यात माझा स्वार्थ आहे असं धरूनच वाचा.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात पल्व्हरायझर (मसाला दळायचं मशीन) किती एचपीचा आहे ते आहे, दिवसाला किती किलो माल निघतो ते आहे, पाऊच नवीन केलं ते आहे, सगळीकडे माल जातो ते पण आहे. पण तुमचा मसाला विकत कोण घेतं, हे एका ओळीतही नाहीये. टोमणा नाही मारत, दहातल्या नऊ मालकांचं असंच असतं, कारण माल बनवणं हे आपल्या हातातलं असतं आणि ते आपल्याला येतं. पण मग "कोणाला ठेवू" हा प्रश्न आत्ता सुटणारच नाही, कारण ठेवलेल्या माणसाला सांगायचं काय हेच ठरलेलं नाही. एजन्सी विचारेल टार्गेट ऑडियन्स कोण, तुम्ही म्हणाल सगळेच, ती लिहून घेईल "महिला, २५ ते ५५, महाराष्ट्र" आणि ६० हजार सुरू.

मार्केटिंगमध्ये हात वेगळे आणि डोकं वेगळं. एजन्सी, भाचा, डिझायनर, फोटो काढणारा, ऑर्डर घेणारी पोरं हे सगळे हात. हात लागतातच, त्यात कमीपणा काही नाही. डोकं म्हणजे जो ठरवतो की कोणत्या गावात, कोणत्या गिऱ्हाइकाला, कोणता पुडा, काय भावाने, कोणत्या दुकानातनं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काय बंद करायचं. हे डोकं आज तुमच्याकडे कोण आहे? तुम्हीच. पण तुम्ही जानेवारीपासून मिरची खरेदीत असता, ब्याडगीला जाता, मग उन्हाळाभर उत्पादन, मग पावसाळ्यात उधारी वसुली, मग दिवाळी. डोक्याला मार्केटिंगसाठी मिळतो तो वेळ रात्री जेवताना, आणि तेव्हा कुणा डिस्ट्रिब्युटरचा फोन आला की साहेब समोरच्याने दहावर एक फ्री दिलंय, आपण पण देऊ, तर तुम्ही "बरं द्या" म्हणता. झाली तुमची स्ट्रॅटेजी. डिस्ट्रिब्युटरने ठरवली.

एक साधी टेस्ट सांगतो. लोणच्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झाला. तेव्हा एमआरपी किती खाली आणायची, दुकानात पडलेल्या जुन्या मालाचं काय, दुकानदाराला कोण जाऊन सांगणार, ही संधी साधून ताकातल्या मिरचीचं लहान पॅक आणायचं का, हे तुमच्याकडे कोणी ठरवलं? बऱ्याच छोट्या कंपन्यांत ते सीएने ठरवलं. सीए हुशार माणूस, पण त्याने फक्त बिलिंग सॉफ्टवेअरमधला आकडा बदलायला सांगितला. तिथे डोक्याची खुर्ची रिकामी आहे हे दिसतं.

आता हे परिस्थितीवर किती अवलंबून आहे ते पण बोलून टाकतो. विक्री कोटीच्या आत असेल तर कुणालाच ठेवू नका, मालकानेच दुकानं फिरावीत. विक्रीतला अर्ध्याहून जास्त वाटा एकाच डिस्ट्रिब्युटरचा असेल तर तो मार्केटिंगचा प्रॉब्लेम नाही, तो गळ्यातला फास आहे, आधी तो सैल करा. पैसे उधारीत अडकले असतील तर नवीन विक्री वाढवून अजून अडकतील. आणि घरात भाऊ-भाऊ एकमत नसेल तर बाहेरचा माणूस आणून ते होणार नाही, उलट तो दोघांच्या मधे सापडेल. तुमच्या लिहिण्यावरनं तुम्ही आणि वहिनी दोघंच बघता असं दिसतंय, त्यामुळे ही शेवटची भानगड नसावी.

आता एक खरी गोष्ट. सात-आठ वर्षांपूर्वी मी तुमच्याच धंद्यातल्या एकाकडे होतो, गाव सांगत नाही, कृष्णाकाठचंच. तेव्हा सव्वादोन कोटी विक्री. कांदा-लसूण मसाला उत्तम, मला स्वतःला तोपर्यंत बाजारातला कुठलाच आवडत नव्हता. मालक एप्रिल-मेमध्ये सगळा जाहिरातीचा पैसा लावायचे, एसटी स्टँडवर बोर्ड, लोकल केबल, रिक्षाच्या मागे फ्लेक्स, कारण काय तर उन्हाळा म्हणजे मसाल्याचा सीझन. ऐकायला बरोबरच वाटतं ना? मला पण वाटलं होतं.

मी त्यांच्या तीन वर्षांच्या बिलांचा महिनावार आणि गाववार तक्ता काढायला सांगितला. अकाउंटवाल्या मुलीला चार दिवस लागले. त्यात एक विचित्र दिसलं, सातारा-सांगलीत विक्री वर्षभर सपाट, पण नवी मुंबईची एक छोटी लाइन होती, महिन्याला ९० हजाराची, ती दरवर्षी नोव्हेंबरपासून वर चढायची आणि एप्रिलमध्ये एकदम पडायची. मालक म्हणाले तो डिस्ट्रिब्युटर आळशी आहे. मी म्हटलं चला बघून येऊ.

नोव्हेंबरात कोपरखैरण्याला गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या पट्ट्यात सातारा-सांगलीकडची माथाडी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, वाशीच्या मार्केटमध्ये काम करणारी. एका किराणा दुकानात आम्ही दोन तास नुसते बाकड्यावर बसलो, शेठने चहा पाजला. एक बाई आल्या, हातात पोराचं दप्तर, म्हणाल्या "शेठ, गावचा डबा संपला, संक्रांतीला जाईपर्यंत पाव किलो तिखट द्या." शेठने आमचा पुडा नाही काढला. त्याने काउंटरखालनं एक प्लास्टिकची बरणी काढली आणि त्यातनं सुटा मसाला वजन करून दिला. विचारलं हा कुठला? तर मागच्या बिल्डिंगमधल्या एक मावशी गावाहून डंकावर (मसाला कुटायच्या यंत्रावर) कुटून आणतात, तो. त्या दोन तासांत बरणीतला मसाला पाच जणींनी नेला, आमचा पुडा एकीने, ते पण शंभर ग्रॅमचा, आणि तिने नेताना मागची बाजू उलटून कुठं बनतो ते वाचलं.

तिथंच बसल्या बसल्या सगळं उलगडलं. मालकांना वाटत होतं आपली स्पर्धा अंबारी ब्रँडशी आणि बाकीच्या मोठ्यांशी. खरी स्पर्धा होती आईच्या डब्याशी. उन्हाळ्यात सुट्टीला गावी गेलेलं कुटुंब येताना वर्षाचं तिखट घेऊन येतं, डबा भरलेला असताना तुमचा बोर्ड बघून कोण मसाला घेणार? डबा दिवाळीच्या पुढेमागे तळाला लागतो, तेव्हा बाईला नवीन चव नको असते, तीच चव अजून चार महिने हवी असते. म्हणजे आमचं गिऱ्हाईक "महिला २५ ते ५५" नव्हतं, तर गाव सोडून आलेली आणि डबा संपलेली बाई हे होतं, आणि तिला भेटायचा सीझन एप्रिल नाही, ऑक्टोबर ते मार्च.

त्यानंतरचे निर्णय सोपे झाले, म्हणजे कळायला सोपे, करायला नाही. उन्हाळी जाहिरात बंद. शंभर ग्रॅम त्या पट्ट्यातनं काढून पाव किलो आणि अर्धा किलोच पुढे केलं, कारण तिथं कोणी चव बघायला घेत नाही, डबा भरायला घेतं. पुड्याच्या पुढच्या बाजूला तालुक्याचं नाव मोठं, "डंकावर कुटलेला" हे शब्द (आणि ते खरं होतं, त्यांच्याकडे सहा डंक होते, नसते तर मी लिहू दिलं नसतं). त्या बरणीवाल्या मावशींसारख्या चौघी-पाचजणी शोधल्या आणि त्यांनाच माल विकायला दिला, दुकानापेक्षा थोडं जास्त मार्जिन देऊन. नाशिक आणि सोलापूरच्या लाइन बंद केल्या, सोलापूरकडे काळा मसाला चालतो, तिथं आम्ही उगाच डोकं आपटत होतो. १४ आयटम बंद केले.

पहिल्या वर्षी एकूण विक्री कमी झाली, हे लपवत नाही. मालक दोनदा माझ्यावर चिडले, एकदा तर मी जवळजवळ सोडलंच होतं. पण दीड वर्षात त्या एका पट्ट्याची विक्री ९० हजारावरनं सव्वाचार लाखावर गेली, आणि महत्त्वाचं म्हणजे स्कीम (दहावर एक फ्री वगैरे) न देता. मग तोच साचा पिंपरी-चिंचवडला लावला. एजन्सी नव्हती, रील्स नव्हत्या. नंतर आल्या, आणि तेव्हा त्यांना काय बोलायचं ते माहीत होतं.

तुमचं गिऱ्हाईक हेच असेल असं म्हणत नाहीये, कृपा करून उद्या कोपरखैरण्याला गाडी पाठवू नका. मला म्हणायचंय की ही कामं ज्याने केली त्याला डोकं म्हणतात, आणि यातलं कुठलंही काम एजन्सीच्या ६० हजारात बसत नाही, त्यांची चूक नाही, ते त्यांचं काम नाही.

आता स्कीमचं, कारण तुम्ही लिहिलंय "स्कीम दिल्याशिवाय माल उचलत नाहीत". एकदा कागदावर मांडून बघा. २०० ग्रॅमचा पुडा, एमआरपी १२० धरा. दुकानदार वीस टक्के चढवून विकतो म्हणजे त्याला १०० ला पडला. डिस्ट्रिब्युटरचे आठ टक्के काढा, साडेब्याण्णव. मसाल्यावरचा पाच टक्के जीएसटी काढा, ८८ च्या आसपास तुमच्या हातात. यातनं गाडीभाडं आणि एक्स्पायरी-डॅमेजचे चार टक्के गेले तर साडेचौऱ्यांशी. माल पॅकिंगसकट ५८ ला पडत असेल तर २६ रुपये राहिले. आता दहावर एक फ्री द्या, ८८ चे झाले ८०, बाकीचं वजा जाता राहिले १९. म्हणजे विक्रीच्या भाषेत तुम्ही नऊ टक्के सूट दिली, पण खिशातनं चौथा हिस्सा गेला. आकडे ढोबळ आहेत, तुमचे तुम्ही घाला, पण गणित असंच निघेल. आणि याच १९ मधनं पगार, बँकेचं व्याज आणि एजन्सीचे ६० हजार द्यायचेत. १९ रुपयांनी ६० हजार काढायला महिन्याला तीन हजाराच्यावर जादा पुडे विकावे लागतात. ती एजन्सी ३१५० जादा पुडे विकून देईल का हा प्रश्न त्यांना सरळ विचारा, चेहरा बघा.

तर माणूस ठेवण्याकडे येतो. माझं मत, साडेतीन कोटीला पूर्णवेळ मोठा मार्केटिंग हेड परवडत नाही. चांगल्या कंपनीत काम केलेला, बाजार फिरलेला माणूस वर्षाला वीस लाखाच्या खाली यायला तयार होत नाही आणि जो दहा-बारा लाखात "हेड" म्हणून येतो तो बहुतेक वेळा प्रेझेंटेशन चांगलं करतो. म्हणून पार्टटाइम अनुभवी माणूस महिन्याला चार-पाच दिवस, आणि त्याच्या हाताखाली एक पूर्णवेळ पोरगा किंवा पोरगी, २०-२५ हजाराची, एक्सेल येणारी आणि उन्हात फिरायची लाज नसलेली. हा जोड असला तरच. नुसता पार्टटाइमवाला घेतला तर तो महिन्यातनं चारदा येऊन छान बोलेल, आणि मधले २६ दिवस काहीच होणार नाही. मी स्वतः असे दोन क्लायंट घालवलेत, माझीच चूक, हाताखाली माणूस द्या असं मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

आणि पगारापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे अधिकार. त्याला तीन गोष्टी लेखी द्या. भाव आणि स्कीम त्याच्या सहीशिवाय नाही. नवीन आयटम त्याच्या होकाराशिवाय नाही. जाहिरातीचा एक रुपया त्याला न विचारता नाही, यात गणपती मंडळाची पावती पण आली, तालमीच्या कुस्तीच्या मैदानाचा बोर्ड पण आला. ती पावती फाडायचीच असेल तर घरखर्चातनं फाडा, गावात राहायचंय ते मला कळतं, पण ते मार्केटिंगमध्ये धरू नका. तुमच्याकडे काय राहील? रेसिपी, खरेदी, आणि उधारी कोणाला किती द्यायची ते. हे तीन कधी देऊ नका.

हे द्यायला जमणार नसेल तर खरंच सांगतो, माणूस ठेवू नका. एका ठिकाणी मी सहा महिने घासून स्कीम बंद केली होती आणि मालकांचे मेहुणे, जे सेल्स बघायचे, ते फोनवर "तेवढं माझ्या शब्दावर" म्हणून जुन्या डिस्ट्रिब्युटरना देत होते. मला कळलं ते दुकानदाराकडनं. मालकांना माहीत होतं. त्यांनी ८० हजार मला दिले आणि निर्णय मेहुण्यांनाच ठेवला.

माझं पण एक सांगतो नाहीतर म्हणाल सगळ्या चुका मालकांच्याच. एका चटणीवाल्यांचा लाल-पिवळा चकचकीत पुडा होता, मला तो बघून कसंतरी व्हायचं. मी पुण्याच्या डिझायनरकडनं मस्त मॅट फिनिशचं, मातकट रंगाचं पाऊच करून घेतलं, बारीक अक्षरं, मोकळी जागा. मीटिंगमध्ये सगळ्यांनी वा वा केलं. बाजारात गेला आणि तीन महिने विक्री धडाधड पडली. मी आणि सेल्समन गेलो तर एका आजोबांनी दुकानात येऊन दोन बोटं दाखवली, "तो लाल पुडा दे दोन." दुकानदार म्हणाला लाल पुडा बंद झाला, हा आलाय. आजोबा म्हणाले मग राहू दे. वाचता न येणारं, चष्मा घरी विसरलेलं, पोराला "लाल पुडा आण" सांगून पाठवणारं गिऱ्हाईक होतं ते, आणि मी त्यांच्या हातातली खूणच काढून घेतली. दोन लाखाचं छापील मटेरियल भंगारात गेलं. तेव्हापासून मी रंगाला हात लावायच्या आधी पंधरा दुकानांत उभा राहतो. तुम्ही "पाऊच नवीन केलं" लिहिलंय म्हणून सांगतोय, विक्री अडकल्याची तारीख आणि पाऊच बदलल्याची तारीख एकदा शेजारी ठेवून बघा.

माणूस निवडताना काय विचारायचं? अनुभव, कंपनीचं नाव वगैरे ठीक. मी म्हणेन त्याला आधी दोन दिवस बाजारात पाठवा, पैसे देऊन, फुकट नको. तुमचा सेल्समन बरोबर द्या. आल्यावर एकच विचारा, आमचं काय बंद कराल? जो म्हणेल आधी ब्रँड फिल्म करू, वेबसाइट नवीन करू, त्याला चहा पाजून निरोप द्या. जो म्हणेल तुमची अमुक लोणची कुठल्याच दुकानात पुढच्या फळीवर नाहीत, धूळ खातायत, काढून टाका, त्याच्याशी पुढे बोला. मोठ्या कंपनीतनं आलेल्याची एक अडचण असते, तिकडे त्याच्यामागे टीव्हीची जाहिरात आणि नाव असतं, माल आपोआप फिरतो. आपल्याकडे दुकानदार पुडा हातात घेऊन "हे कोण?" विचारतो. हा अपमान गिळता येतो का ते दोन दिवसांत कळतं.

पैसे विक्रीवर टक्केवारीने ठरवू नका, निदान कारखान्यातनं निघालेल्या मालावर तर नाहीच. नाहीतर मार्चमध्ये डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये माल ढकलला जातो, सगळे खूश, आणि पावसाळ्यात कांदा-लसणाच्या गाठी झालेला माल परत येतो. इन्सेंटिव्ह द्यायचाच असेल तर दुकानातनं दुसऱ्यांदा आलेल्या ऑर्डरवर द्या. पहिली ऑर्डर गोड बोलून मिळते, दुसरी माल खपला तरच येते. महिन्याला किती दुकानांनी दुसऱ्यांदा मागवलं हा एकच आकडा मी माझ्या सगळ्या क्लायंटकडे भिंतीवर लावायला लावतो.

पण हे सगळं करायच्या आधी तीन महिने स्वतः काढा, ८० हजार वाचतील किंवा निदान नीट जागी लागतील. तीन वर्षांची विक्री महिनावार, गाववार, आयटमवार काढा. ३८ मधले बहुतेक सात-आठ आयटमच घर चालवत असतील, बाकीचे पाहुणे. प्रत्येक आयटमला वरचं गणित लावा. आठवड्यातनं एक दिवस, मालक म्हणून न सांगता, दुकानात बसा. वहिनींना पण न्या, बायका त्यांच्याशी जे बोलतात ते तुमच्याशी बोलणार नाहीत. कोण घेतं, किती घेतं, नसला तर काय घेतं, एवढं वहीत लिहा. वीस-पंचवीस दुकानांनंतर तुम्हालाच कळेल की हात पाहिजेत का डोकं.

मधेच एक, कारण तुम्ही ब्रँडचं नाव दिलंय आणि ते देवाचं नाव अधिक "घरगुती मसाले" असं आहे. ट्रेडमार्क केलाय का? ट्रेडमार्कसाठी मालाचे क्लास म्हणजे वर्ग पाडलेत, मसाले क्लास ३० मध्ये येतात आणि लोणची क्लास २९ मध्ये, म्हणजे दोन क्लासची फी. अर्ज स्वतःच्या वैयक्तिक नावावर असेल किंवा उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी प्रत्येक क्लासला ४५०० आहे, नाहीतर ९०००. "घरगुती" हा शब्द कुणाच्या मालकीचा होणार नाही, आणि त्या देवाच्या नावाचे आधीच डझनभर निघतील. जाहिरातीवर पैसा घालायच्या आधी हे तपासा, नाहीतर तुमच्या पैशाने दुसऱ्याचं नाव मोठं व्हायचं.

मॉलवाल्यांचं आणि दहा मिनिटांत डिलिव्हरीवाल्यांचं विचारलंत. तिथं मार्जिन जास्त जातं, पैसे उशिरा येतात, परतीचा माल तुमच्या माथी. एमएसएमई (छोट्या उद्योगांच्या) कायद्यात ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचा नियम २००६ पासून आहे, पण मोठ्या गिऱ्हाइकाला नोटीस पाठवायची हिंमत छोट्याची होत नाही हे आपण सगळे जाणतो. सात-आठ आयटम पक्के झाल्यावर बघू, आत्ता नको. आणि मोठ्यांकडे बघून घाई नको, बेडेकर १९१० पासून आहेत, प्रवीण मसालेवाले १९६२ पासून, त्यांची आजची जाहिरात बघून आपली आजची ठरवायची नसते.

राहिला भाचा. त्याला रील्स करू द्या, फुकटचे हात आहेत, नाराज कशाला करता. फक्त त्याला आधी तुमच्याबरोबर चार दुकानांत बसवा. आणि ट्रेंडिंग गाण्यावर नाचणारा पुडा नको. पहाटे कारखान्यात खोबरं भाजतात तेव्हाचं, कढईतनं कांदा काढतानाचं, डंकाचा आवाज तसाच ठेवून ३० सेकंदांचं काढायला सांगा. आमच्या त्या क्लायंटच्या पोराने असंच एक काढलं होतं, खाली घणसोलीच्या एका ताईंची कमेंट होती, "आवाज ऐकून आमच्या आत्याचं घर आठवलं, हा कुठं मिळतो?" पोराने तिला दुकानाचा पत्ता पाठवला. तो पत्ता पाठवता यायला त्या दुकानात माल असावा लागतो, तेवढं त्या तीन महिन्यांत बघा. तक्ता झाला की इथेच टाका, नावं झाकून, मी बघतो.